चालू ऑर्डरची पट्टी सगळ्या स्क्रीनवर एकच कशी ठेवायची?

तुमचा प्रश्न मी असा समजलो. सोलापुरातल्या एका चादर-टॉवेलच्या होलसेल व्यापाऱ्यासाठी तुम्ही फ्लटरमध्ये (गूगलचं अ‍ॅप बनवायचं साधन) ऑर्डर घेण्याचं अ‍ॅप करताय. सेल्समन पार्टी निवडतो, मालाची यादी चाळतो, एखादा माल उघडून रंग आणि साइज बघतो, मध्येच त्या पार्टीची जुनी बिलं बघतो. या सगळ्या वेळी खाली ‘चालू ऑर्डर’ची पट्टी दिसायला हवी, आणि ती वर ओढली की पूर्ण यादी उघडायला हवी. ही पट्टी आणि यादी मिळून जे पॅनल होतं, त्याचं विजेट (स्क्रीनचा घटक) तुम्ही एकच लिहिलंय, पण ते चारही स्क्रीनच्या आत टाकलंय. आता स्क्रीन बदलली की उघडलेलं पॅनल मिटतं, क्षणभर दोन पट्ट्या दिसतात, बॅक दाबलं की पॅनल मिटण्याऐवजी स्क्रीनच मागे जाते, आणि यादीतला शेवटचा माल पट्टीखाली दडतो.

तुम्ही विचारलंय, की हे विजेट सगळीकडे नीट कसं वापरायचं. पण ते तर तुम्ही वापरताच आहात. कोड एकच आहे, पॅनल मात्र चार आहेत. प्रत्येकाला स्वतःची स्टेट (सध्याची अवस्था) आहे, स्वतःचा अ‍ॅनिमेशन कंट्रोलर (उघडमीट चालवणारा) आहे, आणि एक उघडलं हे दुसऱ्याला कळायचं काही कारण नाही. होलसेलच्या दुकानात माल दहा मांडण्यांवर असतो, पण बिलबुक गादीवर एकच असतं. तुम्ही प्रत्येक मांडणीवर एकेक बिलबुक ठेवलंय आणि आता त्यांचे आकडे जुळवत बसलाय. ते जुळवायचा प्रयत्नच सोडून द्या. पॅनल नेमकं कोणाचं, हे एकदा ठरलं की तुमच्या चारही तक्रारी सुटायला लागतात.

माझं उत्तर असं: पॅनल कुठल्याच स्क्रीनचं नाही. स्क्रीन जो बदलतो त्या नॅव्हिगेटरच्या वर त्याची जागा आहे. पण डायलॉग, म्हणजे विचारणा करणाऱ्या छोट्या चौकटी, ज्या नॅव्हिगेटरवर येतात त्याच्या खाली. या दोन्हींच्या मधली जागा सापडणं हेच या कामातलं खरं कौशल्य आहे.

काही गोष्टी तुमच्या अ‍ॅपवर अवलंबून आहेत. खाली टॅब आहेत का, गो-राउटर (स्क्रीनचे मार्ग सांभाळणारं पॅकेज) वापरताय की साधा नॅव्हिगेटर, आयफोनवरही द्यायचंय का, यावर तपशील बदलतील. मी गो-राउटर आणि मुख्यतः अँड्रॉइड धरून लिहितो, कारण आपल्याकडच्या सेल्समनच्या हातात बहुतेक वेळा तेच असतं.

आधी जे मार्ग लोक सुचवतील ते बघू. पहिला म्हणजे हीरो विजेट. चारही स्क्रीनवरच्या पट्टीला एकच टॅग द्यायचा, म्हणजे स्क्रीन बदलताना पट्टी जागेवर राहिल्यासारखी दिसते. दिसतं बरं, पण खाली पॅनल चारच राहतात, आणि आयफोनवर कडेवरून बोट सरकवून मागे जाताना हीरो आपोआप चालत नाही, ते वेगळं सांगावं लागतं. हा रंग लावून तडा झाकण्याचा प्रकार आहे, मी यात पडणार नाही.

दुसरा मार्ग ओव्हरलेएन्ट्रीचा. पॅनल थेट ओव्हरलेमध्ये, म्हणजे सगळ्यांवर तरंगणाऱ्या थरात, घुसवायचं. मग ते सगळ्यांच्या वर राहतं, अगदी डायलॉगच्याही. ‘ऑर्डर रद्द करायची का?’ असा डायलॉग आला आणि त्याच्या बटणांवर पट्टी बसली, तर सेल्समन काय करणार? शिवाय ती एन्ट्री कधी काढायची हे तुम्हाला प्रत्येक ठिकाणी लक्षात ठेवावं लागतं. लॉगआउट केल्यावरही पट्टी लटकत राहिलेली अ‍ॅप्स मी पाहिली आहेत.

तिसरा मार्ग अख्खं अ‍ॅप गुंडाळणाऱ्या मटेरियलअ‍ॅपच्या बिल्डरमध्ये स्टॅक (एकावर एक थर) लावून पॅनल ठेवण्याचा. हा बराच लोकप्रिय आहे आणि पहिल्या दिवशी छान चालतो. पण ती जागा नॅव्हिगेटरच्या फार वर आहे. तिथल्या कॉन्टेक्स्टला (विजेटच्या झाडातल्या त्या जागेला) ना नॅव्हिगेटर सापडतो ना ओव्हरले. पॅनलमध्ये नग बदलायला टेक्स्टफील्ड टाकलं, किंवा साधा टूलटिप टाकला, की ‘ओव्हरले सापडला नाही’ असा लाल पडदा येतो. आणि डायलॉग पॅनलच्या खाली जाण्याचा त्रास इथेही आहेच. फक्त बघायची एखादी पट्टी असेल, म्हणजे ‘इंटरनेट नाही’ अशी सूचना वगैरे, तर ही जागा योग्य. ऑर्डरच्या पॅनलला नाही.

उरतो गो-राउटरमधला शेलराउट, आणि तोच मी वापरतो. शेलराउट स्वतः मुळच्या नॅव्हिगेटरवर एक पान म्हणून बसतो आणि त्याच्या पोटात आणखी एक नॅव्हिगेटर असतो. पार्टी, माल, मालाचा तपशील, जुनी बिलं हे चारही राउट (स्क्रीनचे मार्ग) त्या आतल्या नॅव्हिगेटरवर जातात. शेलच्या बिल्डरमध्ये एक स्टॅक: खाली आतल्या नॅव्हिगेटरचं चाइल्ड (आतली स्क्रीन), वर पॅनल. आत काहीही येवो-जावो, पॅनलचं विजेट झाडात त्याच जागी राहतं, म्हणून त्याची स्टेट टिकते. वर मुळचा नॅव्हिगेटर असल्यामुळे त्याला ओव्हरलेही मिळतो. टॅब असतील आणि प्रत्येक टॅबची स्वतःची मागची साखळी जपायची असेल, तर स्टेटफुलशेलराउट घ्या. विचार तोच राहतो. मात्र दोन टॅबसाठी दोन वेगळे शेलराउट करू नका, नाहीतर पुन्हा दोन पॅनल झाले. लॉगिन, सही घेण्याची स्क्रीन, बारकोड स्कॅन या जागी पॅनल नकोच असतं. लॉगिन शेलच्या बाहेर ठेवा, आणि शेलमधूनच उघडणाऱ्या पण पूर्ण स्क्रीन व्यापणाऱ्या राउटला पॅरेंटनॅव्हिगेटरकी म्हणून मुळच्या नॅव्हिगेटरची की (ओळखखूण) द्या. मग ती स्क्रीन पॅनलसकट सगळ्यावर येते.

इथे एक बारीक गोष्ट आहे जी खूप जणांना छळते. शोडायलॉग आपणहून मुळच्या नॅव्हिगेटरवर जातो, म्हणून तो पॅनलच्या वर दिसतो. शोमोडलबॉटमशीट मात्र आपणहून जवळच्या नॅव्हिगेटरवर जातं, म्हणजे आपल्या बाबतीत आतल्या. त्यामुळे रंग निवडायचं शीट उघडलं की त्याचा खालचा भाग ऑर्डरच्या पट्टीखाली जातो. त्याला यूजरूटनॅव्हिगेटर सत्य द्या, विषय संपला.

आता स्टेटबद्दल. तुमच्या कोडमध्ये ऑर्डरमधला माल आणि पॅनल उघडं आहे की मिटलेलं, या दोन्ही गोष्टी पॅनलच्याच स्टेटमध्ये आहेत असं तुमच्या वर्णनावरून दिसतं. त्या वेगळ्या करा. ऑर्डर ही धंद्याची गोष्ट आहे. ती पॅनलपेक्षा जास्त जगली पाहिजे, अ‍ॅपपेक्षाही जास्त. सेल्समनने मालाचा फोटो काढायला कॅमेरा उघडला आणि कमी रॅमच्या फोनवर अँड्रॉइडने मागचं अ‍ॅप मारून टाकलं, हे अगदी नेहमीचं आहे. चादरींचे पन्नास नग आणि टॉवेलचे वीस डझन भरून झाल्यावर यादी कोरी दिसली, तर तो माणूस पुन्हा वहीवर जाईल आणि तुमचं अ‍ॅप कधी उघडणार नाही. म्हणून प्रत्येक बदल लगेच फोनमधल्या एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये लिहा. स्टेट सांभाळायला प्रोव्हायडर, रिव्हरपॉड, ब्लॉक यांपैकी तुम्हाला जे येतं ते वापरा, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. फक्त मिटलेल्या पट्टीला पूर्ण ऑर्डर ऐकायला लावू नका. तिला एकूण नग आणि रक्कम एवढंच लागतं, तेवढंच सिलेक्ट करून ऐका.

उघडं-मिटलेलं ही मात्र पॅनलची खाजगी बाब. ती पॅनलच्या स्टेटमध्येच राहू द्या, आणि एक अ‍ॅनिमेशन कंट्रोलर, ० म्हणजे मिटलेलं आणि १ म्हणजे उघडं, हाच एकमेव खरा आकडा माना. बाजूला ‘इजओपन’ असा वेगळा बूलियन (हो-नाही सांगणारा) ठेवला की बोट अर्ध्यात सोडल्यावर दोघांत फारकत होते.

स्क्रीननी पॅनलला आज्ञा देऊ नयेत, असा माझा नियम आहे. अनेक जण प्रत्येक स्क्रीनच्या इनिटस्टेटमध्ये (स्क्रीन सुरू होताना) ‘पॅनल लपव’ आणि डिस्पोजमध्ये (ती संपताना) ‘पॅनल दाखव’ लिहितात. एक स्क्रीन काढून तिच्या जागी दुसरी आणली, की नव्या स्क्रीनचं इनिटस्टेट आधी चालतं आणि जुनीचं डिस्पोज नंतर. म्हणजे नवी सांगते ‘लपव’, आणि जाता जाता जुनी सांगते ‘दाखव’. पॅनल चुकीच्या जागी दिसतं, आणि ते कधी होतं कधी नाही असं वाटून माणूस हैराण होतो. वर इनिटस्टेटमधून वरच्या विजेटला हलवल्यामुळे ‘बिल्ड चालू असताना सेटस्टेट’ची चूक येते ती वेगळीच. त्यापेक्षा चालू राउट कोणता यावरून शेलनेच ठरवावं. कुठल्या राउटवर पॅनल दिसतं याची यादी एका जागी राहते, आणि उद्या नवीन माणूस कामाला आला तरी त्याला ती सापडते.

माल वाढवला की पॅनल आपोआप उघडावं असं व्यापारी सांगेल. त्याला एकदा कारखान्यात उभं राहून ऑर्डर घ्यायला लावा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मागांचा खडखडाट चालू असतो, एका हातात टॉवेलचा नमुना असतो, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यावर अख्खं अ‍ॅप चालतं. दर वेळी पॅनल वर येऊन यादी झाकू लागलं, तर पाच मालांसाठी पाच वेळा ते खाली ढकलावं लागतं. पट्टीवरचा आकडा बदलला आणि फोन हलकासा थरथरला, एवढं पुरतं. अशा आवाजात टिंग वाजवून काहीच उपयोग नाही.

ओढण्याच्या यंत्रणेबद्दल. ड्रॅगेबलस्क्रोलेबलशीट हे ओढायचं शीट तयार मिळतं आणि बऱ्याच कामांना ते ठीक आहे, पण त्याचे आकार पालकाच्या उंचीच्या प्रमाणात असतात. किमान आकार ०.१ दिला, तर ६४० उंचीच्या फोनवर पट्टी ६४ होते आणि ९०० वर ९०. तुम्हाला पट्टी सगळीकडे सारखीच हवी असते, म्हणून लेआउटबिल्डरने उपलब्ध उंची घ्या आणि पट्टीची उंची तिने भागून ते प्रमाण द्या. दुसरं, त्याने दिलेला स्क्रोलकंट्रोलर आतल्या यादीला दिलाच पाहिजे. आणि यादीबाहेर ठेवलेल्या शीर्षकाला धरून ओढलं तर शीट हलत नाही. नेमकी आपली पट्टी म्हणजे ते शीर्षकच. म्हणून मी या कामाला साधा जेश्चरडिटेक्टर (बोटाची हालचाल ओळखणारं विजेट) वापरतो, तोही फक्त पट्टीवर. यादी आपली आपण स्क्रोल होते, दोघांचं भांडण राहत नाही. बोट सरकेल त्याला एकूण प्रवासाच्या उंचीने भागून कंट्रोलरमध्ये मिळवायचं. बोट सोडलं की आधी वेग बघायचा: सेकंदाला ७०० पिक्सेलच्या वर असेल तर बोटाच्या दिशेने जाऊ द्या, नसेल तर अर्ध्याच्या अलीकडे की पलीकडे यावर ठरवा. ७०० आणि अर्धं हे आकडे मी मनचे सांगत नाही, फ्लटरच्या स्वतःच्या बॉटमशीटमध्येही हेच आहेत, म्हणून हाताला ओळखीचे वाटतात. नुसत्या टॅपनेही पट्टी उघडली पाहिजे. प्रत्यक्षात बहुतेक लोक टॅपच करतात.

अ‍ॅनिमेटेडबिल्डर वापरताना यादी त्याच्या चाइल्डमध्ये द्या, बिल्डरच्या आत बांधू नका. ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर एका फ्रेमला साधारण १६ मिलिसेकंद मिळतात. त्यात चाळीस ओळींची यादी दर फ्रेमला नव्याने बांधली, तर स्वस्तातल्या फोनवर पॅनल अडखळणारच.

आता शेवटचा माल दडण्याबद्दल. इथे मला सगळ्यांत आवडणारा उपाय सांगतो. शेलमध्ये चाइल्डभोवती मीडियाक्वेरी (स्क्रीनची मापं पुरवणारं विजेट) गुंडाळा आणि त्यातल्या खालच्या पॅडिंगमध्ये मिटलेल्या पट्टीची उंची मिळवा. लिस्टव्ह्यूला तुम्ही स्वतः पॅडिंग दिलं नसेल, तर तो हेच पॅडिंग आपणहून घेतो. म्हणजे चार स्क्रीनपैकी एकालाही पॅनल नावाची काही वस्तू आहे हे माहीत नसतं. त्यांना एवढंच कळतं, की फोनच्या तळाशी थोडी जागा राखीव आहे. व्ह्यूपॅडिंगमध्येही तेवढंच मिळवा, कारण तरंगतं बटण त्याकडे बघतं. दोन ठिकाणी हे आपोआप होत नाही: तुम्ही हाताने पॅडिंग दिलेला लिस्टव्ह्यू, आणि कस्टमस्क्रोलव्ह्यू. दुसऱ्याच्या शेवटी स्लिव्हरसेफएरिया लावा.

राखायची ती मिटलेल्या पट्टीची जागा, उघडलेल्या पॅनलची नव्हे. पॅनल उघडताना मागची स्क्रीन आकसत नेली, तर दर फ्रेमला तिची पूर्ण मांडणी पुन्हा होते. उघडलेलं पॅनल मागच्या स्क्रीनच्या वर येऊ द्या आणि मागे एक अर्धपारदर्शक पडदा टाका. त्या पडद्यावर टॅप केलं की मिटेल, आणि मागच्या स्क्रीनवर चुकून बोटही लागणार नाही.

कीबोर्डचा निर्णय तुम्हाला घ्यावा लागेल. मालाच्या स्क्रीनवर नग टाकताना कीबोर्ड वर आला, तर छोट्या फोनवर आधीच जागा कमी, त्यात पट्टी कीबोर्डवर चढून बसली तर टाकलेला आकडाच दिसत नाही. मी तेव्हा पट्टी लपवतो. पॅनल उघडं असेल आणि त्याच्याच आत नग बदलत असतील, तर अर्थातच ते राहतं आणि यादी वर सरकते. कीबोर्ड किती वर आलाय हे व्ह्यूइनसेट्सवरून कळतं, पण स्कॅफोल्ड (स्क्रीनचा सांगाडा मांडणारं विजेट) तो आकडा स्वतः वापरून आपल्या बॉडीसाठी शून्य करतो. म्हणून शेलमध्ये स्कॅफोल्ड ठेवू नका, नुसता स्टॅक ठेवा. आणि मीडियाक्वेरी पूर्ण ऐकण्यापेक्षा व्ह्यूइनसेट्सऑफ वापरा.

बॅक बटण. गो-राउटरमध्ये बॅक आधी सगळ्यांत आतल्या नॅव्हिगेटरकडे जातो, म्हणून शेलवर लावलेल्या पॉपस्कोपला (बॅक अडवणारं विजेट) विचारायच्या आधीच आतली स्क्रीन मागे जाते. तुमची तक्रार शेल लावल्यावरही राहील, ती यामुळे. पॅनलभोवती बॅकबटणलिसनर लावा. पॅनल उघडं असेल तर मिटवा आणि ‘हाताळलं’ म्हणून सत्य परत द्या, मिटलेलं असेल तर असत्य द्या म्हणजे बॅक पुढे जाईल. पॉपस्कोपही काढू नका. अँड्रॉइडच्या नव्या बॅक जेश्चरमध्ये अ‍ॅप बॅक हाताळणार आहे का, हे सिस्टिमला आधीच माहीत असावं लागतं, आणि साखळीतल्या पहिल्याच स्क्रीनवर पॅनल उघडं असताना ही गोष्ट पुढे येते. पॅनल उघडं असेपर्यंत पॉपस्कोपचं कॅनपॉप असत्य ठेवा.

अक्षरांकडे शेवटी बघू नका, आत्ताच बघा. पट्टीची उंची ५६ अशी ठोकून बसवली, की फोनची अक्षरं मोठी केलेल्या माणसाकडे वेलांट्या आणि उकार कापले जातात. देवनागरीला ओळीची उंची इंग्रजीपेक्षा जास्त लागते, आणि अँड्रॉइड १४ पासून अक्षरं २०० टक्क्यांपर्यंत मोठी करता येतात. आपल्याकडे व्यापाऱ्याचा मुनीम तेलुगू बोलणारा, पार्टी विजयपूर-कलबुर्गीकडची कन्नड बोलणारी, हे रोजचं आहे. त्या भाषा अ‍ॅपमध्ये घातल्या की कन्नड आणि तेलुगूतली खाली लटकणारी जोडाक्षरंही त्याच पट्टीत मावायला हवीत. म्हणून उंची अक्षरांच्या मापावरून काढा, किमान ४८ ठेवा म्हणजे अंगठा नीट लागेल, आणि तीच काढलेली उंची वर सांगितलेल्या पॅडिंगलाही द्या. दोन्हीकडे वेगवेगळे आकडे लिहिलेत तर शेवटचा माल पुन्हा दडेल. टॉकबॅकसाठी (स्क्रीन वाचून दाखवणारी सोय) पट्टीला सिमँटिक्समधला एक्स्पांडेड गुण द्या, आणि मिटलेल्या अवस्थेत आतली यादी वाचली जाणार नाही एवढं बघा.

काम कुठून सुरू करायचं? माझ्या मते आधी ऑर्डर पॅनलमधून बाहेर काढून डेटाबेसमध्ये न्या आणि तेवढंच व्यापाऱ्याला देऊन टाका. दिसायला काही बदलणार नाही, पण माल हरवणं थांबेल. मग शेलराउट आणा, चारही स्क्रीनमधून पॅनल काढा, त्यांच्यात लपव-दाखवचे हुकूम असतील तर तेही पुसा. त्यानंतर पॅडिंग, कीबोर्ड, बॅक. तपासताना डेव्हलपर ऑप्शनमधलं ‘डोन्ट कीप अ‍ॅक्टिव्हिटीज’ चालू करा, अक्षरं सगळ्यांत मोठी करा, आणि फोन तुमचा नको, सेल्समनचा घ्या. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत बाजारात गर्दी असते आणि कोणाला नवीन शिकायला वेळ नसतो, तेव्हा जानेवारीच्या आधी देता आलं तर बघा.